षष्ठीला निघावे, अष्टमीला परतावे : शिडाच्या बोटीने रेवदंड्याचा मुक्काम

वाशीच्या सागर विहारच्या कठड्याशी उभे राहिले की खाडीतल्या तिवरांच्या बुंध्यांवर चिखलाची एक सरळ रेघ दिसते. आदल्या भरतीचे पाणी जिथपर्यंत चढले, तिथे ती रेघ असते. शिडाची बोट चालवायला शिकलेल्या आणि आता दोघांनीच एखाद्या जुन्या बंदरात दोन रात्री काढाव्यात असे मनात आलेल्या नवी मुंबईकर किंवा ठाणेकर जोडप्याने पहिला धडा बोटीवर न गिरवता या कठड्यावर गिरवावा, असे आम्हा दोघांचे अनुभवाअंती मत झाले आहे. आम्ही नेरूळला राहतो. पंचवीस फुटी शिडाच्या एका बोटीत आमचा चार कुटुंबांबरोबर वाटा असून ती मुंबई बंदरात नांगरलेली असते. गेली काही वर्षे आम्ही हिवाळ्यात एकदा तरी रेवदंड्याला जातो. पुढील मार्गदर्शन त्या मुक्कामापुरतेच आहे. बोट चालवण्याचे रीतसर शिक्षण झाले आहे, हे येथे गृहीत धरले आहे. ते झाले नसेल तर अनुभवी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख नावाडी, सोबत घेतल्याखेरीज निघू नये.

रेवदंडाच का, हे आधी सांगते. मुंबई बंदरापासून तो सागरी मार्गाने सुमारे २५ सागरी मैलांवर आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी चार मैलांच्या चालीने हे अंतर सहा-साडेसहा तासांत, म्हणजे दिवसाउजेडी कापता येते, आणि दोनच माणसांच्या बोटीसाठी ही अट फार मोलाची आहे. दुसरे कारण गावाचे. कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले चौल-रेवदंडा हे कोकणातील अतिप्राचीन बंदरांपैकी एक आहे. पहिल्या शतकातील ग्रीक व्यापाऱ्यांना ते ‘सेमिला’ म्हणून ठाऊक होते, अरब प्रवाशांनी त्याला ‘सैमूर’ म्हटले, आणि १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला याच किनाऱ्यावर उतरला. अशा गावात मोटारीने जाणे आणि समुद्राकडून जाणे यांत फरक पडतो, कारण गाव ज्या दिशेला तोंड करून उभे आहे ती दिशा रस्त्याची नाही.

तिथी आधी, सुट्टी नंतर

नवखी माणसे बहुधा जोडून आलेली सुट्टी पाहून बेत आखतात. आम्हीही पहिल्यांदा तेच केले आणि पौर्णिमेच्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीत शिरलो. त्या चुकीची हकीकत पुढे येईल. बेत आखताना दिनदर्शिकेतील लाल आकड्यांआधी तिथी पाहावी.

कोकण किनाऱ्यावर कोळी आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब वापरत आले आहेत. तिथीच्या अंकाला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची घड्याळातील वेळ. षष्ठीला सहा गुणिले तीन, भागिले चार, म्हणजे साडेचार; पहाटे साडेचारला एक भरती आणि संध्याकाळी साधारण तितक्याच वाजता दुसरी. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच राहतो. यात अर्धा-पाऊण तासाची चूक सहज पडते, म्हणून अंतिम निर्णय छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरच घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी हे तक्ते प्रसिद्ध करतो आणि त्यात मुंबईसाठी अपोलो बंदराच्या वेळा दिलेल्या असतात. तरीही तोंडी हिशेब यावाच. सागर विहारला चार-पाच वेगवेगळ्या तिथींना जाऊन तो पडताळून पाहावा. वाशीला पाणी अपोलो बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते, कारण ते सगळी खाडी ओलांडून तिथवर येते. हा उशीर स्वतः मोजला की आकड्यांवर खरा विश्वास बसतो.

आता या लेखाचा गाभा. आमच्या मते जाण्याचा दिवस शुद्ध षष्ठी असावा, मधला दिवस सप्तमी आणि परतीचा दिवस अष्टमी. त्याची कारणे अशी. षष्ठीला पहाटे साडेचारला भरती पूर्ण होते आणि पावणेअकराच्या सुमारापर्यंत ओहोटी चालते. म्हणजे सकाळी साडेसहाला निघालेल्या बोटीला मुंबई बंदरातून बाहेर पडताना पाण्याची ओढ अनुकूल मिळते. दुपारी एकच्या सुमारास रेवदंड्यासमोर पोचावे तर तिथे पाणी चढू लागलेले असते, म्हणजे खाडीत शिरायला नेमकी हवी ती वेळ. अष्टमीला पहाटे सहाला भरती पूर्ण होते, तेव्हा पहिल्या ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडता येते, आणि दुपारी बाराच्या पुढे मुंबई बंदराच्या तोंडाशी यावे तर भरती आत ओढून घेते. चारही वेळा पाणी आपल्या बाजूने, अशी जुळणी महिन्यात फार थोड्या दिवशी होते. शिवाय हे दिवस भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीकडे झुकणारे असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरांहून अधिक वर-खाली होते. अष्टमीच्या आसपास हे अंतर निम्म्यावर येते आणि प्रवाहाचा जोरही उतरतो. शुद्ध पक्ष निवडला तर संध्याकाळी चंद्र असतो आणि मुक्कामाच्या पहिल्या रात्री नांगर धरून आहे की नाही हे किनाऱ्याच्या रेषेवरून दिसते. मार्गशीर्षातील चंपाषष्ठी आणि माघातील रथसप्तमीचा आदला दिवस हे दोन्ही मुहूर्त आमचे आवडते आहेत. पुण्य किती मिळते ठाऊक नाही, पाणी मात्र चांगले मिळते.

ऋतूची बाब थोडक्यात. पावसाळ्यात हा विचारच करू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र लगेच शांत होतो असे नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांचा काळ.

वारा : जाताना मित्र, येताना सावकार

हिवाळ्यात या किनाऱ्यावर दोन वारे पाळीपाळीने वाहतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटेपासून सकाळी दहा-अकरापर्यंत जमिनीकडून मतलई वारा येतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून, बहुतेक वायव्येकडून, खारा वारा सुटतो आणि तो मतलईपेक्षा जोरकस असतो. रेवदंडा मुंबईच्या दक्षिणेला असल्यामुळे जाताना दोन्ही वारे बाजूने किंवा पाठीमागून मिळतात आणि बोट पळते. या सुखाने नवखी माणसे फसतात. शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन राखून नागमोडी पुढे सरकावे लागते. परतीला दुपारच्या वायव्य वाऱ्यात सापडलेली बोट पंचवीस मैलांसाठी पस्तीस मैल चालते आणि तोंडावर लाटा घेत चालते.

म्हणून अष्टमीला पहाटेचा चहा नांगर उचलल्यानंतर घ्यावा. मतलई चालू असेपर्यंत निदान वाटेतल्या खांदेरी बेटापर्यंतचा बराच पल्ला मागे टाकला पाहिजे. मतलई पडून खारा वारा सुटेपर्यंत मधला तासभर समुद्र आरशासारखा असतो; तेवढ्यासाठी इंजिन आणि पुरेसे डिझेल हवेच. शिडाच्या बोटीवर इंजिन वापरणे कमीपणाचे आहे असे मानणारे लोक भेटतात, पण ते सहसा बोटीवर भेटत नाहीत.

निघण्याआधीची तयारी

राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा, म्हणजे डेहराडूनहून निघणारा, या किनाऱ्याचा अधिकृत नकाशा कागदी स्वरूपात जवळ असावा. मोबाइलवरील नकाशा सोबतीला चालेल. त्याच्या भरवशावर मात्र राहू नये. दोघांची ओळखपत्रे आणि बोटीची नोंदणीची कागदपत्रे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावीत, कारण किनाऱ्यावरील सुरक्षा यंत्रणा समुद्रात बोट थांबवून तपासणी करतात आणि ते योग्यही आहे. परवानाप्राप्त व्हीएचएफ संच, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, असल्यास वाहिनी १६ ऐकत राहावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही आकडे केबिनच्या दाराशी ठळक लिहून ठेवावेत. परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातून कोणी भेट म्हणून आणला असला तरी तो बोटीवर आणू नये.

घरी एक चिठ्ठी ठेवावी. आमच्या चिठ्ठीवर निघण्याची वेळ, पोचण्याची अपेक्षित वेळ, बोटीचा रंग आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर यांना कळवा’ असे एक वाक्य असते. ती आम्ही शेजारच्या काकूंकडे देतो, कारण मुलांना दिली तर ती हरवते.

नांगराची साखळी आणि दोर यांत काटकसर करू नये. मशीद बंदर परिसरातील दुकानांत दोर वजनावर मिळतो, पण भिजल्यावर फुगणारा स्वस्त दोर घेऊ नये. वीस मीटर साखळी आणि तिला जोडून तीस मीटर नायलॉनचा दोर, एवढे आमच्या बोटीला पुरते. खाण्याची सोय घरूनच करावी, कारण हलत्या बोटीवर शेगडी पेटवणे हा अनुभवी माणसांचा उद्योग आहे. तांदळाच्या भाकऱ्या, सुकी चटणी, थालीपिठे आणि मळमळीवर आलेपाक एवढ्यावर पहिला दिवस उत्तम निघतो. पिण्याचे पाणी दोघांना तीन दिवसांसाठी किमान चाळीस लिटर घ्यावे. जीवरक्षक जाकिटे अंगावर असावीत. बाकाखाली ठेवलेले जाकीट कोणाला वाचवत नाही.

वाटेवरच्या खुणा

मुंबई बंदरात मोठ्या जहाजांचा मार्ग बोयांनी आखलेला असतो. तिथे शिडाच्या बोटीने जहाजांच्या वाटेत येऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तेव्हा ‘शिडाला अग्रहक्क’ हे पुस्तकातले वाक्य या पट्ट्यात विसरावे आणि मार्गाच्या कडेने जावे. नौदलाच्या जहाजांपासून दूर राहावे आणि त्यांची छायाचित्रे काढू नयेत.

बंदर मागे पडले की दक्षिणेला खांदेरी दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर किल्ला उभारायला घेतला तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने तो होऊ नये म्हणून जंग जंग पछाडले. मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या होड्या मात्र रात्री वेढ्यातून सामान पोचवत राहिल्या. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठा किल्ल्यांत खांदेरीही आहे. शेजारची उंदेरी आणि थळचा किनारा यांच्यामधून जाण्याचा मोह होतो, कारण अंतर वाचते. नवख्यांनी तो टाळावा, खांदेरी डाव्या हाताला ठेवून बाहेरून जावे. पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला डावीकडे दिसतो आणि त्याच टापूत चौल कडू नावाचा खडक आहे, ज्यावर खुणेचा मनोरा उभा आहे. तोही डावीकडेच आणि भरपूर अंतरावर ठेवावा.

या पट्ट्यात खडकांपेक्षा जाळ्यांचा धोका मोठा. कोळी बांधव डोल जाळी लावतात. ती तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात आणि पाण्यावर फक्त तरंगते पिंप किंवा काठीवरचा झेंडा दिसतो. अशा दोन खुणांच्या मधून कधीही जाऊ नये. जाळे फाटले तर एका कुटुंबाची कमाई जाते, आणि आपल्या इंजिनाच्या पंख्यात अडकले तर आपला दिवसही जातो. दोघांपैकी एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बसून नुसते पाहत राहावे, हेच त्या वेळचे त्याचे काम.

खाडीत शिरणे आणि नांगर टाकणे

दक्षिणेला समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर आणि त्याच्या कण्यावरचा किल्ला दिसू लागला की मुक्काम जवळ आला. आत वळताना रेवदंड्याची तटबंदी डाव्या हाताला आणि कोर्लई उजव्या हाताला येते. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि ते दर पावसाळ्यात थोडे सरकतात, म्हणून मागच्या वर्षीची वाट यंदा तशीच असेल असे समजू नये. शिडे उतरवून, इंजिनावर, चालण्याच्या गतीने आणि खोली मोजत आत जावे. साळावच्या कारखान्याकडे बार्जेस जातात. त्यांचा मार्ग ओळखून त्याच्या कडेला राहावे. पुलाच्या अलीकडेच थांबावे, डोलकाठी त्याखालून नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आत शिरण्याची वेळ भरतीच्या पूर्वार्धात असावी, यावर मी जोर देते. चढत्या पाण्यात बोट वाळूला टेकली तर अर्ध्या तासात आपोआप सुटते. भरती पूर्ण झाल्यावर टेकली तर पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते, आणि भांगाकडे झुकणाऱ्या दिवसांत पुढची भरती आधीपेक्षा बुटकी असते. तेव्हा षष्ठीचा फायदा घ्यायचा तर वक्तशीरपणाही पाळावा लागतो.

नांगराचा हिशेब उदाहरणाने सांगते. भरतीचे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पूर्ण चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत ते एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढते. समजा ओहोटी पावणेअकराला संपली, त्या दिवशीचा चढ २.४ मीटर आहे आणि पावणेदोनला, म्हणजे तीन तासांनी, खोली ४.२ मीटर भरली. तोपर्यंत बारापैकी सहा भाग, म्हणजे १.२ मीटर पाणी चढले आहे. म्हणून ओहोटीला इथे तीन मीटर पाणी उरेल आणि पूर्ण भरतीला ५.४ मीटर होईल. नाळेची पाण्यापासूनची उंची एक मीटर मिळवली की ६.४, त्याच्या पाचपट म्हणजे बत्तीस मीटर साखळी-दोर सोडावा. बोटीचा तळाचा कणा पाण्यात दीड मीटर खोल असेल तर ओहोटीलाही खाली दीड मीटर पाणी राहते. पुढचे दोन दिवस चढ-उतार आणखी लहान होत जाणार असल्याने पहिल्या दिवशी पुरलेले पाणी नंतरही पुरते.

आता आमची पौर्णिमेची हकीकत. भर दुपारी, उधाणाच्या माथ्यावर, खाडी काठोकाठ भरलेली असताना आम्ही आत गेलो आणि ऐटीत गावाच्या अगदी जवळ तीन मीटर पाण्यात नांगर टाकला. तीन मीटर पुष्कळ वाटले. चारच्या सुमारास बोट चिखलात बसली, पाचला ती कलली, आणि केबिनमधली भांडी, पीठ, दिवा, सगळे एका बाजूला गेले. शेजारून जाणाऱ्या होडीतल्या एका वयस्क तांडेलमामांनी ‘आज पौर्णिमा आहे हे कोणी सांगितले नाही का?’ एवढेच विचारले. रात्री बोट पुन्हा तरंगेपर्यंत आम्ही तिरक्या बाकावर पाय टेकवून बसून होतो. दुसऱ्या दिवशी मामांनीच खोल जागा दाखवली. तेव्हापासून आम्ही नांगर टाकण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारतो, आणि ‘मामा, इथे रात्री पाणी किती राहते?’ या प्रश्नाला आजवर कोणी तुटक उत्तर दिलेले नाही.

दोघांच्या कामाची वाटणी आधीच ठरवावी. आमच्याकडे सुकाणू माझ्याकडे आणि नांगर यांच्याकडे असतो, कारण साखळी ओढायला ताकद लागते आणि बोट जागेवर धरायला सबुरी. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही आणि ओरडण्यातून भांडण होते, म्हणून हाताच्या चार खुणा पुरतात : पुढे, मागे, थांब, टाकला. नांगर टाकल्यावर इंजिन हलके मागे चालवून तो चिखलात रुतवावा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, उदाहरणार्थ बुरूज आणि त्यामागचे माड, एका रेषेत धरून अर्धा तास पाहावे. रेषा मोडली तर नांगर सरकतो आहे. रात्री चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा उंचावर लावावा. पहाटे होड्या निघतात तेव्हा त्यांना आपण दिसलेच पाहिजे.

गावातला दिवस

सप्तमीला सकाळी आठच्या आत रबरी होडीने उतरावे आणि दुपारी तीननंतर परतावे. मधल्या वेळात ओहोटी असते आणि काठाला गुडघाभर चिखल उघडा पडतो. होडी उचलून उंचावर बांधावी. प्रथम बंदर कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आपली बोट व मुक्काम कळवावा. पंधरा मिनिटांचे काम आहे आणि नंतर कोणी शंका घेत नाही.

मग गाव पाहावे. पोर्तुगीजांनी १५२१ नंतर इथे किल्ला बांधला आणि गाव त्या तटबंदीच्या आतच आहे, त्यामुळे घरे, माड-पोफळीच्या वाड्या आणि चर्चचे अवशेष एकमेकांत मिसळून गेले आहेत. सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा आता सात मजल्यांचा राहिलेला नाही, तरी समुद्रावरून तोच आधी नजरेत भरतो. १५०८ मध्ये याच पाण्यात झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा मारला गेला; १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांकडे आले. निकितिनचे स्मारक गावातील शाळेच्या आवारात आहे. हाताशी वेळ असेल तर रिक्षाने चौलला जाऊन रामेश्वराचे देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी पाहावी. कोर्लई किल्ल्यासाठी वेगळा अर्धा दिवस लागतो, आणि एका मुक्कामात दोन्ही साधण्याच्या नादात परतीची भरती चुकते. आम्ही तो पुढच्या खेपेला ठेवला होता. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली बोली बोलतात, एवढ्यासाठी तरी ती खेप करावी. जानेवारीत गेल्यास वालाच्या शेंगांची पोपटी कुठे लावली आहे याची चौकशी करावी. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात शिजलेल्या शेंगा बोटीवर नेल्या तरी गरम राहतात.

परत आल्यावर

अष्टमीच्या दुपारी बोट आपल्या बोयाला बांधली की लगेच घरची वाट धरू नये. शेजारी फोन करून चिठ्ठी रद्द झाल्याचे आधी कळवावे. नंतर साखळीवरचा रेवदंड्याचा चिखल घासून काढावा, कारण तो वाळला तर पुढच्या वेळी साखळी पेटीतून सुटत नाही, आणि दोर शक्य तर गोड्या पाण्याने धुवावा. ओले शीड घडी करून ठेवल्यास आठवड्यात त्यावर बुरशी धरते. ते काठीवर सैल सोडून वाऱ्याला लावावे आणि ते सुकेपर्यंत वहीत यंदाच्या खोल्या, दांड्यांच्या जागा आणि तक्त्यातील वेळेपेक्षा पाणी किती मिनिटे पुढे-मागे होते, हे लिहून काढावे.